न विझणारी आग आणि आमची भट्टी

मी सतरा वर्षांचा असताना माझ्या आजोबांना कायमचं नरकात पाठवलं. भर सभेत, हात वर करून. आजोबा तीनच आठवड्यांपूर्वी वारले होते, त्यामुळे त्यांनी हरकत घेण्याचा प्रश्न नव्हता. हरकत घेणार होती ती त्यांची मुलगी, म्हणजे माझी आई, आणि ती तिथंच बायकांच्या चटईवर, माझ्यापासून दहा हातांवर बसली आहे, एवढी साधी गोष्ट त्या क्षणी माझ्या ध्यानात राहिली नाही. आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला. एकदा तर आरे-वारेला मित्राची नवी मोटारसायकल वाळूत उभी करून पोहायला गेलो आणि भरती कधी असते ते विचारायचं राहूनच गेलं. पण बाकीचा मूर्खपणा माझा मलाच निस्तरता आला. हा एक निस्तरायला माझ्या आईला अख्ख्या ख्रिस्ती मंडळीचं प्रभुभोजन अडवून धरावं लागलं.

आमची बेकरी रत्नागिरीत, मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्याला होती. पुढं दुकान, मागं भट्टी, भट्टीच्या मागं आम्ही. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, आत विटांची कमान आणि कमानीला डावीकडे एक तडा, जो पप्पा दर वर्षी लिंपायचे आणि जो दर वर्षी परत यायचा. मला लहानपणीचे आवाज आठवतात ते सगळे त्या भट्टीचेच. मळलेलं पीठ लाकडी फळीवर आपटल्याचा धप्प आवाज, लोखंडी झाकण सरकल्याची किरकिर, ऐन-किंजळाची लाकडं तडकल्याचा फटाका, आणि दुकानापुढं सायकलींवर पाववाले येऊन थांबले की त्यांच्या रबरी भोंग्यांचं पोंप-पोंप. वासाचं तर विचारूच नका. शाळेत मुलं मला ‘खमीर’ म्हणत. दप्तराला, शर्टाला, केसांना आंबलेल्या पिठाचा वास. पुढं लग्न ठरताना बायकोनं पहिल्याच भेटीत विचारलं, “तुमच्याकडे कशाचा वास येतोय?” मी म्हटलं, “घराण्याचा.”

पप्पा फारसे बोलत नसत. भट्टीवाल्याचं निम्मं आयुष्य इतरांच्या झोपेच्या वेळी जातं, त्यामुळे त्याला बोलायला माणूस मिळत नाही आणि मग सवय सुटते. माझं नाव त्यांनी शास्त्रातून काढून दानियेल ठेवलं. घरात दान्या. त्या दानियेलाच्या तीन मित्रांना राजानं धगधगत्या भट्टीत टाकलं तरी त्यांचा केससुद्धा करपला नाही, ही गोष्ट मी संडे स्कूलमधून ऐकून आलो आणि मोठ्या हौसेनं पप्पांना सांगितली. पीठ मळता मळता ते म्हणाले, “लाकडं ओली असतील.”

आई पावसच्या अलीकडच्या एका वाडीतली, कातळावरच्या कुणब्यांची पोर. मिशनच्या दवाखान्यात पायाच्या दुखण्यासाठी चार महिने पडून होती, तिथं एका नर्सबाईंनी तिला वाचायला शिकवलं, आणि तिथंच पाव पोचवायला येणारा एक न बोलणारा तरुण तिनं पाहिला. पुढं बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, आणि आजोबांनी सहा वर्षं तोंड बघितलं नाही. सातव्या वर्षी ते आले. डोक्यावर रायवळ आंब्यांनी भरलेली हारी, खांद्यावर पंचा. हापूस ते राखायचे, पण तो बागेच्या मालकाचा. रायवळ त्यांचा स्वतःचा. घरात पाऊल टाकलं नाही. भट्टीच्या तोंडाशी लाकडांचा ढीग असायचा, त्यावर बसले. आई समोर उभी राहून नुसती पदर चावत होती. पप्पांनी भट्टीतून गरम पावाची लादी काढली, एक पाव तोडून फळीवर त्यांच्यापुढं धरला आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन हात मागं घेतला. बाटलेल्या जावयाच्या हातचं म्हातारा कसा खाणार? आजोबांनी भट्टीकडे बघितलं, पावाकडे बघितलं आणि पाव उचलला. म्हणाले, “आगीतनं गेलेल्याला विटाळ नसतो.” तेवढ्यावर सहा वर्षांचं भांडण मिटलं. त्यानंतर दर वैशाखात ते यायचे, त्याच ढिगावर बसायचे, दोन पाव चहात बुडवून खायचे आणि जाताना माझ्या हातावर काजूच्या भाजलेल्या बिया ठेवून जायचे. घरात मात्र कधीच आले नाहीत, आणि बाप्तिस्मा घ्यायचा तर सवालच नव्हता. आईनं एकदा भीत भीत विषय काढला होता. ते म्हणाले, “तुझा देव चांगला हाय गो. पण मला आता नवी वळख नको. जुन्यांचंच करता करता दमलो.”

माघात ते गेले. आई वाडीवर जाऊन आली. परत आल्यापासून त्या लाकडांच्या ढिगावरून कुणी लाकूड काढू लागलं की म्हणायची, “त्या बाजूचं काढा.”

आणि त्याच महिन्यात माझं तारण झालं, म्हणजे मी एकाएकी कडक विश्वासू झालो. ते का झालं हे प्रामाणिकपणे सांगायचं तर मी मॅट्रिकला इंग्रजीत आपटलो होतो आणि कुठंतरी पास होण्याची मला फार गरज होती. आमच्या देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो) तीन संध्याकाळच्या सभा ठेवल्या होत्या आणि त्यासाठी देशावरून एक उपदेशक आले होते. उतरले आमच्याकडे, कारण आमच्याकडे एक खोली रिकामी आणि नानकटाई ताजी. उंच, गोरे, आवाज असा की दुकानातल्या बरण्यांची झाकणं वाजावीत. माणूस वाईट नव्हता, हे मी आज मुद्दाम सांगतो. पहाटे गुडघे टेकून तासभर प्रार्थना करायचे आणि खरोखर रडायचे, आमच्या सगळ्यांसाठी. फक्त त्यांना बांगड्याच्या काट्यांची भीती वाटायची आणि आम्हाला त्यांच्या नरकाची.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी नरक किती खोल आहे ते सांगितलं. दुसऱ्या संध्याकाळी किती गरम. मी भट्टीवाल्याचा मुलगा म्हणून पुढं बसवला गेलो होतो आणि ते मधून मधून मला साक्षीला घेत होते: “या तरुणाला विचारा आग म्हणजे काय!” मी गंभीरपणे मान हलवायचो. जन्मात पहिल्यांदा माझ्या वासाचा मला अभिमान वाटला. तिसऱ्या संध्याकाळी विषय होता, किती काळ. त्यांनी सांगितलं, एखादा पक्षी हजार वर्षांतून एकदा येऊन समुद्रातला एक थेंब नेईल, असा अख्खा समुद्र आटेल, तरी नरकातली पहिली सकाळ संपलेली नसेल. समोर दोनशे पावलांवर खरा समुद्र वाजत होता. सभेत खोकायचीही कुणाची छाती नव्हती. मग त्यांनी आवाज अगदी खाली आणला आणि विचारलं, “इथं असा कुणी आहे का, ज्याचं प्रिय माणूस प्रभूचं नाव न घेता गेलं? खरं बोलायचं धैर्य आहे का कुणात?”

मी हात वर केला.

“कोण होतं, बाळ?”

“माझे आजोबा.”

“ते आज कुठं आहेत?”

“नरकात.”

“किती काळ?”

“कायमचे,” मी म्हटलं. चांगलं खणखणीत म्हटलं. तोंडी परीक्षेत एवढं बिनचूक उत्तर मी कधी दिलं नव्हतं. त्यांनी मला व्यासपीठावर ओढून छातीशी धरलं आणि म्हणाले, “रक्ताच्या नात्यापेक्षा सत्य मोठं, हे या मुलानं दाखवलं!” मी त्यांच्या काखेतून बघितलं तर बायकांच्या बाजूला आई उठून उभी राहिली होती. तिनं पदर नीट केला, चटईच्या कडेनं गेली, आपल्या चपला शोधल्या, पायात घातल्या आणि बाहेर पडली. चपलांचा आवाज मला फाटकापर्यंत ऐकू आला.

घरी गेलो तर ताटं मांडलेली. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. आईनं पाहुण्यांना वाढलं, पप्पांना वाढलं, मला वाढलं. मी पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. आई म्हणाली, “तिखट झालंय काय? जेव. तिखटच हाय, कायमचं नाय.” पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं पुढच्या गावाला गेले. नानकटाईचा डबा घेऊन गेले आणि नरक आमच्याकडे ठेवून गेले.

आता इथं एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रभुभोजनाची भाकर आमच्या भट्टीतून जायची. भाकर म्हणजे खरं तर गोल पावच, पण दूध नाही, साखर नाही, आणि ती पप्पा करत नसत, आई करायची. स्वतः मळायची, वर सुरीनं चार रेघा द्यायची, आणि एक-दोन दिवस आधी आमच्या देवळाचे पाळकसाहेब स्वतः एक कशिदा काढलेलं पांढरं फडकं घेऊन दुकानात यायचे. रविवारी सकाळी आई त्या फडक्यात भाकर गुंडाळून देवळात न्यायची. पाळकसाहेब ती सगळ्यांसमोर मोडायचे आणि प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून प्रत्येकाला एकेक तुकडा मिळायचा. माझ्या जन्माच्या आधीपासून हे चाललं होतं. सभा झाल्या उपवासकाळात. पुढचं प्रभुभोजन थेट पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) रविवारी, म्हणजे वर्षातलं सगळ्यांत मोठं. त्याच्या आधीच्या शुक्रवारी, गुड फ्रायडेची उपासना संपल्यावर, पाळकसाहेब फडकं घेऊन आले.

“भाकर नाय,” आई म्हणाली.

“उद्या येऊ का मग? चालेल.”

“उद्याही नाय.”

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. बुटका, शांत माणूस, तीस वर्षं रत्नागिरीत काढलेला. “बरं नाही का तुम्हाला?”

“मला बरं हाय. मैदा हाय, लाकडं हायत, भट्टी पेटलेली हाय. पण माझा बापूस कायमचा जळतोय असं तुमच्या देवळात ठरलं, आणि तुमी ‘आमेन’ म्हणालात. मी ऐकलं फाटकातनं. एका हातानं माणसाला जाळायचं, ते पण न संपणारं, नि दुसऱ्या हातानं त्याच्याच लेकीकडं जेवायला मागायचं? असल्या घरात मी सोयरीक केली नसती, साहेब. भाकर कशी देऊ?”

पाळकसाहेबांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली आणि गेले. मी आत नानकटाईचे ट्रे पुसत होतो. आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चिडली असती, दोन लगावल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती माझ्याशी शांतपणे बोलायची: “दान्या, मीठ दे.” “दान्या, दार लाव.” जणू मी भाड्यानं राहायला आलो होतो.

तासाभरात ही बातमी मंडळीत पसरली. कुणी म्हणालं बाईला समजवा, कुणी म्हणालं बाई शेवटी त्या घरची, कुणी म्हणालं भाकर काय, दुसरीकडूनही येईल. गावात दुसरी भट्टी हसनचाचांची. ते पप्पांचे जुने दोस्त. एकाचं लाकूड कमी पडलं तर दुसऱ्याच्या ढिगातून उचलायचं, एवढा घरोबा. मंडळीतले दोघे त्यांच्याकडे गेले. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “भाभींचा संप मी फोडू? माझा बाप कब्रमध्ये उठून बसेल.” पाव दिला नाही तो नाहीच.

आपण केलेलं आपणच निस्तरावं, एवढी अक्कल मला शनिवारी दुपारी आली, आणि नेमकी तीच अक्कल घातक ठरली. आई राजिवड्याला मासळी आणायला गेली होती. पप्पा संध्याकाळच्या पावासाठी भट्टी पेटवून, मला लक्ष ठेवायला सांगून आडवे झाले होते. मी विचार केला: भाकर मीच करतो. गुपचूप पाळकसाहेबांच्या घरी नेऊन देतो. देवाचं काम होईल, आईचीही मान राहील, आणि माझं नाव होईल. पप्पांच्या मळलेल्या पिठातून एक गोळा काढला, थापला, वर चार रेघा दिल्या. एक रेघ जरा वाकडी गेली. आणि ती भाकर लांब दांड्याच्या फळीवर घेऊन सरळ भट्टीत सारली. आत आग जोरात होती. मी आणखी दोन ऐनाची लाकडं घातली. मोठ्या दिवसाची भाकर, मोठी आग हवी, असा माझा हिशोब.

हे वाचून एखादा बेकरीवाला डोक्याला हात लावील. कारण लाकडाच्या भट्टीत आग असताना पाव भाजतच नाहीत. दोन-अडीच तास लाकूड जाळायचं, विटा तापल्या की निखारे सगळे ओढून काढायचे, ओल्या गोणपाटानं आतली लादी पुसायची, आणि आग गेल्यावर जी ऊब मागं राहते तिच्यात पाव ठेवायचा. हे मी जन्मल्यापासून रोज दोनदा बघत आलो होतो. बघत आलो होतो, एवढंच. पाण्याच्या कडेला जन्मलेली कितीतरी माणसं पोहायला न शिकता मरतात.

पप्पांना उठवलं ते वासानं. त्यांनी झाकण सरकवलं, फळी आत घातली आणि एक काळा गोळा बाहेर काढला. रेघा ओळखू येत होत्या, वाकडीसुद्धा.

“काय हे?”

“प्रभुभोजनाची भाकर.”

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या गोळ्याकडे. मला वाटलं आता कानाखाली बसणार. त्याऐवजी त्यांनी तो गोळा फळीवर नीट ठेवला आणि परत आत, निखाऱ्यांच्या मधोमध सारला. म्हणाले, “बस. बघू या तुझं कायमचं.”

आम्ही दोघं बसलो. तेही आजोबांच्या ढिगावर. पप्पांनी चहा केला, दोन कप. संध्याकाळच्या पावाला उशीर झाला होता, बाहेर पाववाले सायकली टेकवून उभे, एकजण भोंगा वाजवून विचारत होता, “काय झालं काय आज?” पप्पांनी ओरडून सांगितलं, “धर्मशिक्षण चाललंय! थांबा!” माझ्या आयुष्यात मी त्यांचा एवढा मोठा आवाज दुसऱ्यांदा ऐकला नाही.

दुसरा चहा संपला. पप्पांनी फळी घालून आत ढवळलं. बाहेर आली ती राख, बोटभर. फुंकर मारली, तीही उडाली.

“कुठाय?” त्यांनी विचारलं.

“जळाला.”

“जळाला म्हणजे?”

“संपला.”

“मग तुझा आजोबा कायमचा कसा जळतोय? एकतर जळेल, नाहीतर राहील. दोन्ही कसं?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं, कारण पाहुण्यांनी त्याचीही तयारी करून घेतली होती. मी म्हटलं, “पप्पा, तिथं देव संपू देत नाही.”

पप्पांनी कपातला गाळ निखाऱ्यांवर फेकला. मग म्हणाले, “म्हणजे देव पाव करतो, जाळतो, परत करतो, परत जाळतो. आणि वरून लाकडं घालत बसतो. रविवारीसुद्धा?”

“...हो.”

“असा माणूस माझ्याकडे कामाला असता तर मी दुसऱ्या दिवशी काढला असता.” ते उठले आणि निखारे ओढायला लागले. पाठमोरे असतानाच म्हणाले, “न विझणारी आग असते रे, असेल. पण तिच्यात काही भाजून निघत नाही. जे काय व्हायचं ते आग काढून घेतल्यावर. तुझ्या पाहुण्यांनी कधी भट्टी चालवली नव्हती.”

आता आमच्या मंडळीचा मोबाइलवर ग्रुप आहे. आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी त्यावर नरकाचा व्हिडिओ टाकतं. लाल-पिवळ्या ज्वाळा, मागं किंकाळ्या, शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. मी खाली लिहितो, ‘लाकडं कोण आणतं?’ या एका प्रश्नापायी मला दोनदा ग्रुपमधून काढण्यात आलं आणि दोन्ही वेळा परत घेण्यात आलं, कारण नाताळच्या केकला भट्टी कोण लावणार? मला शास्त्र येत नाही असं ते म्हणतात, आणि ते खरं आहे. शास्त्रात आगीची वचनं आहेत, न मरणाऱ्या किड्याचीही आहेत, मी ती वाचली आहेत, चष्मा लावून. शिक्षा नाहीच, असं मी म्हणत नाही. मी स्वतः केलेल्या काही गोष्टी बघता थोडी शिक्षा असावीच असं माझं मत आहे. पण ती संपूच नये, असं ज्याला मनापासून वाटतं त्यानं एकदा माझ्याबरोबर भट्टीपुढं बसावं. माझं वय आता असं आहे की ही चर्चा माझ्यासाठी नुसती चर्चा राहिलेली नाही. तरी माझं म्हणणं हेच राहील, आणि वर गेल्यावर विचारलं तर तिथंही हेच सांगीन.

त्या शनिवारी दिवे लागायच्या वेळी पाळकसाहेब परत आले. या वेळी फडकं नव्हतं. मैद्याच्या पोत्यावर बसले. आई मासळी साफ करत होती, तशीच करत राहिली.

“बाई,” ते म्हणाले, “मी रात्रंदिवस विचार केला. तुमचे वडील कुठं आहेत ते मला ठाऊक नाही.”

“मग आमेन का म्हणालात?”

“सवय.” त्यांनी पोत्यावरचा मैदा बोटानं पुसला. “माझा धाकटा भाऊ होता. विश्वास सोडून गेला, दारूत बुडाला, तसाच वारला. आपल्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, हे मीच तुम्हा सगळ्यांना शिकवलंय. आणि मी रोज सकाळी त्याच्यासाठी प्रार्थना करतो. एकोणीस वर्षं. हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. कायमचं ठरलेलं असेल, तर मी कुणाकडे काय मागतोय?”

विळीवरचा आईचा हात थांबला. मी दाराआड होतो, पण लपलेलो नव्हतो. हालायचं धैर्य नव्हतं एवढंच. आईनं हात धुतले, पुसले, चाळणी घेतली आणि मैदा चाळायला बसली.

“मी उद्या देवळात सांगतो,” पाळकसाहेब म्हणाले. “काय व्हायचं ते होवो. वरचे मला हलवतील फार तर.”

“तुमी नको,” आई म्हणाली. “तुमी ह्या गावात आमाला पायजेत. ज्यानं हात वर केला त्यानं तो खाली करावा.” आणि दाराकडे न बघता म्हणाली, “ऐकलंस ना रे?”

सकाळी देऊळ गच्च भरलं होतं. चाफ्याच्या फुलांचे हार, नवे कपडे, गीतं दणक्यात. पुढं मेजावर पेला होता, थाळी होती, थाळीत काही नव्हतं. भाकर आईच्या मांडीवर, घरच्याच धुतलेल्या फडक्यात. ती बायकांत पहिल्या रांगेत बसली होती, दोन्ही हात त्या गाठोड्यावर ठेवून. माझ्यावर काय अवलंबून आहे हे सगळ्यांना माहीत होतं, कारण रत्नागिरीत एखादी गोष्ट गुप्त ठेवायची तर समुद्रालाही सांगू नये. पाळकसाहेबांनी मला खूण केली. मी उभा राहिलो. खिशात दोन कागद लिहिलेले होते. हात घातला तर ते घामानं एकमेकांना चिकटलेले.

“माझे आजोबा,” मी म्हटलं, “नरकात नाहीत.”

पाळकसाहेब खाकरले.

“म्हणजे असतील. म्हणजे मला माहीत नाही. मी त्या दिवशी माहीत असल्यासारखं बोललो. मला काहीच माहीत नव्हतं. मला फक्त शाबासकी हवी होती.” इथं थांबलो असतो तर सगळं सुरळीत झालं असतं. आईचा चेहरा सैल पडला होता, ती उठायच्या बेतात होती. पण सभा दिसली की माझ्या अंगात येतं, ते आजही येतं. मी म्हटलं, “पण ते तिथं असले तरी कायमचे नाहीत! कारण काल मी भाकर जाळली, ती दोन चहांत संपली. आजोबा म्हणायचे आगीतनं गेलेल्याला विटाळ नसतो. पप्पा म्हणतात रविवारी लाकडं कोण घालणार. म्हणून मी या पवित्र दिवशी सर्वांसमोर जाहीर करतो की,” आणि मी हात वर केला, तोच हात, “आजपासून आपल्या मंडळीत नरक बंद!”

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. पुरुषांच्या बाजूला पप्पांनी डोळ्यांवर हात ठेवला. पाळकसाहेब छताकडे बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की रडत, हे मी नंतर कधी विचारलं नाही. आई उठली. गाठोडं सोडत सोडत मेजापर्यंत आली, भाकर थाळीत ठेवली. छान तांबूस, चार रेघा सरळ. फडक्याची घडी घातली. मग माझ्याकडे वळली, माझा वर गेलेला हात मनगटाला धरून खाली ओढला आणि शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“साधी भाकर भाजता येत नाय मेल्याला, नि चाललाय नरक चालवायला!”